आठवीच्या खोलीचे आभार

तात्यांनी मला अध्यक्ष केलं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, आणि ते ऋण फेडायचं माझं अजून चालूच आहे.

आमचं गाव टेंभुर्णीपासून आत, माढ्याच्या रस्त्याला. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. अशा प्रत्येक शाळेला पालकांची एक समिती असते. हेडमास्तर तिचे सचिव, आणि ज्यांची पोरं त्या शाळेत आहेत अशांपैकी एक जण अध्यक्ष. पगार नाही, गाडी नाही. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला पुढच्या रांगेत खुर्ची, एवढंच. पण त्या एका खुर्चीपायी गावात चुलतभाऊ चुलतभावाच्या दारावरून मान वळवून जातो. तात्या त्या खुर्चीवर बरीच वर्षं बसले होते. ते कुणाचे सख्खे तात्या नव्हेत, सगळ्या गावाचे. बागायत मोठी, कांदा मोठा, आवाज त्याहून मोठा. बोलताना किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवायची त्यांची सवय. जुडगा फिरतोय तोवर बाकीच्यांनी बोलून घ्यायचं. थांबला की विषय संपला.

मी मूळची भंडाऱ्याकडची. तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. इकडच्या थोड्या जमिनीच्या पोरांना इकडं मुली मिळत नाहीत, म्हणून कुणीतरी मध्ये पडून लांबून लग्नं जुळवतात. तशी मी आले. गावात आमच्यासारख्यांना एक शब्द आहे: आणलेली. ट्रॅक्टर आणला, म्हैस आणली, तशी बायको आणली. तोंडावर कुणी वाईट अर्थानं म्हणत नाही. नुसतं म्हणतात. आल्यावर मला भाकरी थापता येत नव्हती, माझी भाषा ऐकून नळावरच्या बायका 'मले-तुले' करून हसायच्या. सासू, म्हणजे आमच्या आत्या, त्यांनी मात्र कधी हसून दाखवलं नाही. माझ्या वेड्यावाकड्या भाकरी त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि मुलाला चांगल्या वाढायच्या. त्यांचं देणं वेगळं, ते फिटायचं नाही.

मी सातवी शिकलेली. आमच्या तिकडच्या गावातही शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल तळ्याच्या पलीकडे, सायकल एक, आणि ती भावाची. बाप म्हणाला, "तू पुढच्या साली जा." ते पुढचं साल आलं नाही. त्या वर्षी मी छातीएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडले. त्याचे काटे बोटांत मोडले की ते काढायला दुसरं कुणी लागतं, स्वतःचं स्वतःला जमत नाही. आठवीच्या वर्गात काय असतं हे मला माहीत नव्हतं. लग्न होऊन, पोरगी होऊन, तिला शाळेत घालूनही माहीत नव्हतं.

अध्यक्ष झाले ती गोष्ट अशी. तात्यांचा नातू सातवी होऊन टेंभुर्णीला गेला. शाळेत पोर नाही तर अध्यक्षपद नाही, असा नियम. पालकसभा भरली. मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मदत म्हणून चहा करत होते. स्वयंपाकाच्या शेडची आणि ऑफिसची खिडकी समोरासमोर. आत दोन पार्ट्या भांडत होत्या, हा करा का तो करा. मग तात्यांचा आवाज आला.

"तुमचा बी नगं, त्यांचा बी नगं. त्या आणलेलीला करा. तिला हितं ना भाऊ ना भावकी. कुणाचं ऐकायची न्हाय, आपलं ऐकंल."

"सह्या तरी येत्यात का तिला?" कुणीतरी विचारलं.

"सातवी हाय की. सहीला लई झालं."

मग मला हाक आली. मी चहाचा ट्रे घेऊन गेले, तर तात्या उठले आणि ट्रे हातात असतानाच त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. पालकांच्या मोबाइलच्या ग्रुपवर तो अजून आहे: नूतन अध्यक्ष, गळ्यात हार, हातात ट्रे, कपांतून वाफ.

घरी येऊन मी आईला फोन लावला.

"माय, मी शाळेची अध्यक्ष झाली."

"तू? काहून वो? गावात दुसरं कोणी नोहोतं का?"

"होते."

"मंग पगार किती भेटते?"

"पगार नाही भेटत."

"मंग कायले करतेस, बाप्पा?"

तेव्हा मला सांगता आलं नाही.

पहिलं वर्ष माझं भिण्यात गेलं. मी शेवटच्या खुर्चीवर बसायची. पुढच्या खुर्चीवर तात्या, 'निमंत्रित' म्हणून. हेडमास्तर विषय वाचायचे, तात्या जुडगा फिरवायचे, मी सही करायची. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. बदली गावाजवळ होऊन मिळावी आणि तोवर कुणाशी वाकडं येऊ नये, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं होतं. तेही मी विसरले नाही.

पोरगी सहावीतून सातवीत गेली. एक दिवस भाकरी खाताना म्हणाली, "आई, सातवीनंतर मी कुठं?" मी म्हटलं, "बघू." आणि माझाच शब्द मला ऐकू आला. बापाचं 'पुढच्या साली' आणि हे 'बघू' यात फरक काय? हायस्कूल हायवेच्या पलीकडे. उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून जायचं. आमच्या गल्लीतल्या तीन-चार पोरी सातवीनंतर घरीच राहिल्या होत्या. कुणी त्यांना जाऊ नको म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी बघू म्हटलं होतं.

त्याच सुमारास केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, शाळेत आले. म्हणाले, "तुमच्या शाळेला आठवी जोडून मिळू शकते. मोकळी वर्गखोली दाखवा, प्रस्ताव पाठवतो. नाहीतर पलीकडच्या गावाला जाईल."

हेडमास्तर म्हणाले, "खोलीचीच अडचण आहे सर."

खोलीची अडचण नव्हती. शाळेच्या टोकाला एक पक्की खोली होती, सरकारी पैशातून बांधलेली. तात्या अध्यक्ष असताना त्यांनी त्यात "चार दिवस" कांदा ठेवला. मग ठिबकचे पाइप ठेवले. मग खताच्या गोण्या. मग कुलूप लावलं. कुलपाची किल्ली त्यांच्या जुडग्यात, आणि आता पोरांना ती खोली शाळेची आहे हेही माहीत नव्हतं. ते तिला कांद्याची खोली म्हणायचे.

पुढच्या सभेत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज चिरकला, पण म्हटलं, "टोकाची खोली आपलीच आहे. ती उघडली तर आठवी येईल."

जुडगा थांबला. तात्यांनी माझ्याकडं नाही, बाकीच्यांकडं बघितलं.

"सातवी झालेली बाई आठवी मागतीया. आगं, आदी सोता तरी आठवीत जा की."

सगळे हसले. पिठाच्या गिरणीचे मामा मांडीवर थाप मारून हसले. दूध संकलन करणारा हसता हसता खोकायला लागला. आमच्याच शेजारचा एक जण, ज्याच्या घरी मी बाळंतपणात डबा पोचवला होता, तोही हसला. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी खाली बघून पेनाचं टोपण लावलं. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. तात्या म्हणाले, "फुडचा विषय घ्या."

मी बाहेर नळापाशी जाऊन रडले. तिथं आमच्या शाळेतल्या बाई डबा धूत होत्या. त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. त्याही लांबून आलेल्या, म्हणून असेल, माझ्याशी त्यांचं जमायचं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अगं यव्वा, रडलं की कुलूप उघडतंय काय?"

"मग काय करू?"

"सभेत रडायचं नाही, वरडायचं पण नाही. एक प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं. उत्तर येईस्तोवर गप. ज्याला गप बसवत नाही तो हरला. मी चौथीच्या पोरांना असंच धरते."

त्या बाईंची मी आभारी आहे. मला आयुष्यात कुणी फुकट शिकवलेली ही दुसरी गोष्ट. पहिली भाकरी.

मी सराव घरी केला. मालक जेवायला बसले होते. मी विचारलं, "पोरीला आठवीला पाठवायचं का नाही?" आणि मी गप्प बसले. त्यांनी भाकरी मोडली. पाणी प्यायले. मिरची मागितली. मी मिरची दिली, बोलले नाही. त्यांनी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी चुलीकडं बघितलं. शेवटी म्हणाले, "पाठवू की. मी कुटं न्हाय म्हणलोय?" तो माझा पहिला ठराव.

मग मी तात्यांच्या वाडीवर गेले. कुणी म्हणायला नको की आणलेली बाई रीत सोडून वागली. त्यांनी मला गोठ्याजवळ उभं ठेवलं. बस म्हणाले नाहीत. मी विचारलं, "तात्या, खोली कधी मोकळी होईल?" आणि गप्प राहिले. पण तात्या चौथीतले नव्हते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी बघत बसले, बघून हसले, कुणाला तरी पाठवलं. मी उभीच. म्हशीनं दोनदा माझ्याकडं वळून बघितलं. मग मोबाइल खिशात टाकून ते म्हणाले, "बगू की." आणि आत गेले.

परत येताना माझे पाय कापत होते. भीतीनं नाही. माझ्या गावी तळ्यात उतरताना पाणी थंड असलं की पाय तसे कापायचे आणि तरी उतरायचं असायचं, तसं. त्या दिवशी मी ठरवलं की खोली तर घ्यायचीच, पण नुसती खोली नाही. ज्या ज्या माणसानं हसायला तोंड उघडलं त्याचं तोंड मला बंद झालेलं बघायचं होतं. पोरीची आठवी एका बाजूला. ही लढाई माझी होती.

आत्यांना सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या.

"सूड घ्यायचा आसंल तर हात जोडून घ्यावा," त्या म्हणाल्या. "काठीनं घ्येतला की मानसं मधी पडत्यात. हात जोडल्याव कोन मधी पडनार?"

हात जोडून म्हणजे कसा, ते मला त्याआधीच्या पंधरा ऑगस्टनं दाखवलं होतं. आमच्याकडं झेंडावंदन झालं की माईकवर देणग्या आणि बक्षिसं पुकारतात. कुणाकडून वह्या, कुणाकडून पंखा. पुकारलं की टाळ्या, टाळ्या झाल्या की तो माणूस उठून गावाला नमस्कार करतो. गावात दोन भाऊ आहेत, एकमेकांच्या बांधाला पाय न लावणारे. धाकट्यानं शाळेला पाण्याची टाकी दिली होती. पुकारणाऱ्या गुरुजींनी चुकून आभार मोठ्याचे मानले. आता मोठ्यानं उठून सांगावं ना, की मी नाही दिली? पण गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. तो उठला, हात जोडले, आणि आठ दिवसांत शाळेच्या दारात दुसरी टाकी येऊन पडली. धाकट्याच्या टाकीहून मोठी. शाळेत आज दोन टाक्या आहेत आणि नळ एकच.

गाव त्या चुकीवर अजून हसतं. मी हसले नाही. माझ्या एवढं ध्यानात राहिलं की माईकवर ज्याचे आभार पडले, त्याला द्यावंच लागतं.

सव्वीस जानेवारी जवळ आली. प्रमुख पाहुणे तात्या, दरवर्षीप्रमाणे. अध्यक्षांचं भाषण असतं, ते हेडमास्तर स्वतःच करायचे, 'अध्यक्षांच्या वतीनं'. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, भाषण तुम्हीच करा. मला आभाराचं काम द्या."

त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. आभार म्हणजे कार्यक्रमातलं सगळ्यात हलकं काम. तोवर पोरं जिलेबीच्या पातेल्याकडं तोंड करून बसलेली असतात, मागची माणसं चपला शोधत असतात. "जमंल का पण तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आभारच तर मानायचेत." दुसरी गोष्ट मी केली ती म्हणजे केंद्रप्रमुखांना स्वतः फोन करून बोलावलं. "सर, आमच्या शाळेचं झेंडावंदन एकदा बघाच," म्हटलं. तिसरी गोष्ट, सातवीतल्या पोरींना सांगितलं की ताम्हणात हळद-कुंकू आणि नारळ ठेवून पुढं बसायचं, मी बोलावलं की यायचं. कशाला, ते सांगितलं नाही.

आदल्या दिवशी मला अन्न गेलं नाही. तात्या उठून सरळ 'मी असं काही बोललो नाही' म्हणाले तर? माझं हितं कोण? मालक गरीब माणूस, ट्रॅक्टरच्या भाड्यासाठी तात्यांच्याच रानात जाणारा. आणलेली बाई परतही पाठवता येते, हे मी दुसऱ्या एका घरात बघितलं होतं.

सकाळी झेंडा झाला. लेझीम झाली. एका छोट्या पोरीनं अर्धं भाषण केलं, अर्धं विसरून सलाम ठोकून पळाली. तात्या फेटा बांधून मधोमध, शेजारी केंद्रप्रमुख. तात्यांचं भाषण लांबलं. मुलींनी शिकलं पाहिजे, असं ते म्हणाले. मी हात जोडून ऐकलं. त्यांनी ते म्हणणं माझ्या फारच उपयोगाचं होतं.

मग हेडमास्तर म्हणाले, "आता आभार." आणि माणसं उठायला लागली.

माईक माझ्या उंचीचा नव्हता. मी तो खाली ओढला, तो किंचाळला, आणि उठणारी माणसं वळली. मी एकेकाचे आभार मानले. मंडपवाल्यांचे, खिचडीच्या मावशींचे, बाईंचे. मग म्हटलं:

"आणि सगळ्यात मोठे आभार तात्यांचे. तात्या आत्ता म्हणाले की मुलींनी शिकलं पाहिजे. तात्या नुसतं बोलत नाहीत. गावाला आठवीचा वर्ग मिळावा म्हणून शाळेची टोकाची खोली त्यांनी आजपासून मोकळी करून दिली आहे. कुलपाची किल्ली ते आत्ता, गावासमोर, आपल्या हातानं लेकींच्या ताम्हणात ठेवतील."

सातवीच्या पोरी उठल्या. माझी पोरगी ताम्हण घेऊन पुढं. पहिली टाळी केंद्रप्रमुखांनी वाजवली. त्यांचा प्रस्ताव आपोआप पुरा होत होता, ते खुशीत उठून तात्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "वा तात्या, वा." मग गाव वाजवायला लागलं. मागच्या बायकांनी जास्त.

तात्या बसलेलेच. जुडगा हातात, बोट त्यात अडकलेलं, थांबलेलं. एरवी जुडगा थांबला की विषय संपायचा. मी माईकपाशी गप्प उभी राहिले. एक शब्द नाही. ह्या वेळी त्यांना मोबाइल काढता येत नव्हता.

शेवटी ते उठले. हसत होते, पण फेट्याखालची शीर दिसत होती. "खोली शाळंचीच हाय," ते म्हणाले. "पन आत माल हाय. चार दिस..."

"मालाची काळजी नको," मी माईकवर म्हटलं. "माल काढायला समितीची माणसं आजच थांबणार आहेत. गिरणीच्या मामांचे त्याबद्दल आभार. दूध डेअरीच्या दाजींचे आभार. आमच्या शेजारच्या भाऊजींचे आभार. आणि हेडमास्तर गुरुजींचे विशेष आभार, ते खोली स्वतः उभं राहून धुऊन घेणार आहेत."

एकेक नाव पुकारलं की टाळी, टाळी पडली की एकेक माणूस अर्धा उठून हात जोडत होता. मामांचं तोंड उघडं राहिलं होतं, पण त्यातून हसू येत नव्हतं. मी प्रत्येकाकडं नीट बघून घेतलं. घाई केली नाही.

तात्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. कडी घट्ट होती, नखं लागत नव्हती, सगळं गाव बघत होतं. माझी पोरगी ताम्हण धरून उभी. किल्ली ताम्हणात पडल्याचा आवाज माईकवर आला.

खाली उतरताना ते माझ्याजवळून गेले. हळू म्हणाले, "कुनी शिकवलं तुला ह्ये?"

"तुमीच अध्यक्ष केलं की, तात्या."

दुपारभर गोण्या निघत होत्या. मामांच्या पांढऱ्या शर्टावर खताचे डाग. डेअरीच्या दाजींना कांद्याची सालं नाकात जाऊन शिंका. मी सगळ्यांना चहा केला, त्याच ट्रेमध्ये नेऊन दिला. हेडमास्तर पँट दुमडून पाइपनं पाणी मारत होते, म्हणाले, "आधी सांगायचं तरी होतं, मॅडम." मला मॅडम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. मी म्हटलं, "तुमी त्या दिवशी पेनाचं टोपण लावलं होतं, गुरुजी. म्हणून नाही सांगितलं." त्यांना काही कळलं नाही, किंवा कळलं. त्यांनी पाणी जोरात सोडलं.

शेवटच्या गोण्या हलल्या तेव्हा मागच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा निघाला, रंगवलेला. खाली सोलापूर, गोणीच्या ओलीनं फुगलेलं. आणि पार वर उजव्या टोकाला, जिथं एकही गोण टेकली नव्हती, भंडारा. कोरा करकरीत. पोरगी म्हणाली, "आई, हे तुझं?" मी तिथून इथवर बोट फिरवून बघितलं. सगळी भिंत संपली.

जूनमध्ये आठवी सुरू झाली. पोरगी पहिल्या दिवशी त्या खोलीत बसली. घरी राहिलेल्या पोरींपैकीही दोघी परत आल्या. पाऊसपाण्याच्या दमट दिवसांत भिंतींतून अजून कांद्याचा वास सुटतो, पोरी डोळे पुसत गणितं करतात. गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण सूड हा प्रकार कांद्यासारखाच आहे, जागा सोडली तरी वास मागं ठेवतो, आणि माझ्या सुडाचं असं झालं की तात्यांना तो आवडला. ग्रुपवर तात्यांचा किल्ली देतानाचा फोटो फिरला. टेंभुर्णीच्या बाजारात लोक त्यांना थांबवून म्हणायला लागले, तात्या, लई चांगलं केलं. महिन्याभरात त्यांना स्वतःलाच पटलं की खोली त्यांनीच दिली. एका लग्नात मी माझ्या कानांनी ऐकलं: "मी म्हणलं, कांदा सडला तर सडू द्या, पन पोरी शिकल्या पायजेत." आजूबाजूची माणसं माना हलवत होती. गिरणीचे मामासुद्धा.

मी घरी येऊन भांडी आपटली. मालक म्हणाले, "आगं, खोली मिळाली न्हवं?"

"खोली पोरीला मिळाली. मला काय मिळालं?"

त्यावर ते गप्प बसले. गप्प बसणं त्यांना आता माझ्याहून चांगलं जमतं.

आणि मग तात्या स्वतः चालत माझ्या दारात आले. मी त्यांना बसा म्हटलं, खाटेवर नवी चादर टाकली, आत्यांनी पाणी दिलं. जुडगा फिरत होता, एक किल्ली कमी. ते म्हणाले, "आठवीच्या खोलीवं एक पाटी बसवायची म्हनतो. संगमरवरी. आमच्या वडलांच्या नावाची. खर्च माजाच." मग जरा थांबून: "हेडमास्तर म्हनला, समितीचा ठराव लागतो. अध्यक्षांनी विषय घ्यायला पायजे."

चुलीपुढं आत्यांचा हात भाकरीवर थांबलेला मला दिसला.

मी तात्यांकडं बघितलं. हात जोडले. त्यांचे उपकार बोलून दाखवले, अगदी मनापासून: तुम्ही नसता तर मी आज नळावर पाणी भरत असते, तात्या. ते खुश झाले. जुडगा जोरात फिरायला लागला.

मग मी म्हटलं, "बगू की."

तेव्हापासून आमची सभा आठवीच्या खोलीत भरते. मीच तसं ठरवलं. मोठी माणसं पोरींच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. पुढची खुर्ची एकच, तिच्यावर मी. तात्या प्रत्येक सभेला येतात, निमंत्रित म्हणून. नकाशाखालच्या बाकावर बसतात. सगळे विषय होईपर्यंत थांबतात. शेवटी विचारतात, "पाटीचं काय झालं?"

मी लगेच उत्तर देत नाही. बाईंनी शिकवल्याप्रमाणं गप्प बसते. खोलीत कांद्याचा वास असतो. गिरणीचे मामा छताकडं बघतात, हेडमास्तर पेनाचं टोपण काढून हातात धरतात. बरंच थांबून, हात जोडून, मी तात्यांना तेच दोन शब्द सांगते.